भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचे डिजिटल मॅपिंग शिबिर : एक परीक्षण

आमच्या विभागातील अठरा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घेऊन मी गेल्या वर्षी एका खासगी प्रशिक्षण संस्थेच्या दहा दिवसांच्या निवासी शिबिराला गेले होते. संगणक, मोबाइल आणि उपग्रहचित्रे यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष जमिनीवर भूशास्त्रीय नकाशा कसा तयार करावा, हा शिबिराचा विषय होता. परतल्यावर लगेच लिहिण्याचे मी मुद्दाम टाळले, कारण शिबिराहून आलेले विद्यार्थी उत्साहात असतात आणि त्या भरात सारेच चांगले वाटते. आता चार महिने उलटले आहेत. त्याच विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी स्वतंत्रपणे केलेले नकाशे माझ्यासमोर आहेत, आणि शिबिरातले काय त्यांच्या अंगवळणी पडले व काय तिथेच राहून गेले, हे आता खात्रीने सांगता येते.

शिबिरात संगणकावर क्यूजीआयएस आणि मोबाइल किंवा टॅबलेटवर क्यूफील्ड ही नकाशे तयार करण्याची दोन सॉफ्टवेअर वापरली गेली. दोन्ही मुक्त आहेत. क्यूजीआयएसची सुरुवात २००२ साली गॅरी शर्मन यांनी केली आणि आज ते परवाना विकत न घेता वापरता येते. ही निवड मला सर्वस्वी योग्य वाटली. शिबिर संपल्यावर विद्यार्थ्याच्या हातातून साधनच निघून जाणार असेल, तर दहा दिवसांच्या शिक्षणाला अर्थ उरत नाही. पहिला दिवस सॉफ्टवेअर बसवण्यात आणि निर्देशांक पद्धती समजून घेण्यात गेला. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे कसे पाडले जातात आणि चुकीचा पट्टा निवडला की नकाशा भलतीकडेच कसा जाऊन पडतो, हे प्रशिक्षकांनी चुका करून दाखवत शिकवले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ते नीट झाले.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, आणि तिथे या संस्थेने मला आश्चर्याचा सुखद धक्का दिला. टॅबलेट खोलीतच ठेवायला लावले गेले. दोन पूर्ण दिवस विद्यार्थ्यांनी फक्त छापील स्थलनकाशा, थरांची दिशा आणि उतार मोजणारा ब्रंटन कंपास, हातोडी, भिंग, वही आणि खोडरबर एवढ्यावर काम केले. काही जणांनी कुरकुर केली, कारण ते नवे तंत्र शिकायला आले होते. परंतु चुनखडक आणि शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) यांच्या संपर्करेषेचा, म्हणजे ते जिथे एकमेकांना भिडतात त्या रेषेचा, माग काढताना एका विद्यार्थिनीची जी अवस्था झाली, ती पाहिल्यावर या दोन दिवसांचे मोल सर्वांना कळले. चुनखडकाचा कठीण कंगोरा उतारावर स्पष्ट दिसत होता. त्याखालचा मऊ शेल मात्र झिजून मातीखाली गेला होता. रेघ नेमकी कुठे ओढायची? ती तीन वेळा उतारावर वरखाली गेली, मातीतले शेलचे तुकडे चिमटीत धरून पाहिले, आणि शेवटी कंगोऱ्याच्या पायथ्यापासून थोडी खाली, सलग नव्हे तर तुटक रेघ ओढली. ती तुटक रेघ म्हणजे तिचा निर्णय होता. खडक दिसला नाही, पण त्याची जागा अमुक पट्ट्यात असावी, असे तिने त्या रेघेतून सांगितले होते.

हेच कौशल्य टॅबलेटवर पहिल्यांदा हरवते. स्क्रीनवर बोट फिरवले की सलग, रेखीव, रंगीत रेघ उमटते आणि ती पाहताच काम झाल्याचे समाधान मिळते. खडक दिसला होता की नाही, याची आठवण ती रेघ ठेवत नाही. शिबिरातील प्रशिक्षकांना या धोक्याची पूर्ण जाणीव होती. त्यांनी क्यूफील्डसाठी तयार केलेल्या नोंदपत्रकात प्रत्येक बिंदूला आणि प्रत्येक रेषेला एक अनिवार्य रकाना होता: खडक जागेवर पाहिला, सुट्या तुकड्यांवरून ठरवला, दुरून पाहिला, की केवळ भूरूपावरून अंदाज केला. हा रकाना भरल्याशिवाय नोंद जतनच होत नसे, आणि त्याच्या उत्तरावरून नकाशावरची रेघ आपोआप सलग किंवा तुटक होत असे. दहा दिवसांत शिकवलेल्या साऱ्या गोष्टींमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते. आज माझ्यासमोर असलेल्या अठरापैकी सोळा प्रबंधांत हा रकाना आहे, आणि तो मी त्यांना सांगितलेला नाही.

नोंदपत्रक कसे बांधावे यावर पूर्ण एक दिवस दिला गेला, तोही सार्थकी लागला. थरांच्या स्ट्राइकची (थरपृष्ठावरील आडव्या रेषेची) दिशा अंकांच्या रकान्यात लिहायची की मजकुराच्या, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. मजकुराच्या रकान्यात कोणी ‘०४५’ लिहितो, कोणी ‘ईशान्य ४५’ लिहितो, आणि संध्याकाळी दोनशे नोंदी एकत्र केल्या की त्यांतून काहीही मोजता येत नाही. अंक लिहिले तरी सरासरी काढताना खबरदारी लागतेच. नती, म्हणजे थराचा उतार, ३५० अंशांच्या दिशेला आणि १० अंशांच्या दिशेला असलेल्या दोन थरांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेऐवजी थेट दक्षिण. प्रशिक्षकांनी हे आधी न सांगता विद्यार्थ्यांना उत्तर काढू दिले आणि मग ते नकाशावर मांडायला लावले. चूक डोळ्यांनी दिसली, त्यामुळे ती लक्षात राहिली.

मराठीत नोंदी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्टही इथेच समोर आली. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी रकान्यांना ‘नतिदिशा’ आणि ‘नतिकोन’ अशी मराठी नावे दिली होती आणि फाइल शेपफाइल या जुन्या स्वरूपात जतन केली होती. त्या स्वरूपात रकान्याच्या नावाला फक्त दहा बाइट मिळतात, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, काना-वेलांटीसकट, तीन बाइट लागतात. साहजिकच दोन्ही नावे ‘नति’पाशीच तुटली, आणि कोणता रकाना दिशेचा व कोणता कोनाचा, हे आकडे वाचून ओळखावे लागले. जिओपॅकेज या नव्या स्वरूपात ही अडचण येत नाही, शिवाय सर्व लेयर एकाच फाइलमध्ये राहतात. प्रशिक्षकांनी ही घटना सर्वांसमोर उलगडून सांगितली आणि त्यानंतर शिबिरात शेपफाइल कोणी वापरली नाही.

मोबाइलमधील कंपासवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. त्याचे उत्तर भाषणातून न देता एका थरपृष्ठावर दिले गेले. चुनखडकाचा सपाट, हातभर रुंद थर निवडला होता. प्रत्येकाने त्यावर वही ठेवून आधी ब्रंटनने आणि मग आपापल्या मोबाइलने दहा-दहा मोजमापे घेतली आणि सर्व मोजमापे स्टिरिओनेटवर (दिशा आणि कोन एकत्र मांडण्याच्या वर्तुळाकार आलेखावर) मांडली. नतीचा कोन सर्व मोबाइलवर जवळजवळ सारखा आला, एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक. हे अपेक्षितच होते, कारण उताराचा कोन मोजणारा सेन्सर गुरुत्वाकर्षणावर चालतो आणि तो सहसा फसत नाही. दिशेची मोजमापे मात्र विखुरली. एका विद्यार्थ्याच्या मोबाइलवर दिशा वीस-पंचवीस अंशांनी सरकलेली होती. त्याने मोबाइलचे कव्हर काढले, त्याच्या झडपेत लोहचुंबक होते. कव्हर बाजूला ठेवून आणि मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून पुन्हा मोजल्यावर त्याचे बिंदू इतरांच्या घोळक्यात येऊन बसले. तो मुलगा बराच वेळ त्या कव्हरकडे पाहत उभा होता. आदल्या संध्याकाळच्या सरावातली त्याची सारी मोजमापे त्याच कव्हरात घेतलेली होती.

याच विषयात शिबिराची एक गंभीर उणीवही दिसली. कंपासची सुई चुंबकीय उत्तर दाखवते; मोबाइल मात्र सेटिंगनुसार कधी खरी, म्हणजे भौगोलिक ध्रुवाकडची, उत्तर दाखवतो, कधी चुंबकीय. या दोहोंतला फरक काही प्रदेशांत नगण्य असतो, काही प्रदेशांत पंधरा-वीस अंशांपर्यंत जातो. दिलेल्या छापील टिपणांत या सेटिंगचा उल्लेखच नव्हता. परिणामी एका गटाच्या नोंदींत दोन्ही प्रकारची मोजमापे मिसळली आणि ती वेगळी काढण्यात एक संध्याकाळ गेली. शिवाय परिसरात डोलेराइट या काळ्या अग्निज खडकाचा एक डाइक, म्हणजे इतर खडकांत भिंतीसारखा घुसलेला पट्टा, होता. त्यातील मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे त्याच्याजवळ ब्रंटनची सुईसुद्धा हलत होती. हा अनुभव विद्यार्थ्यांना मुद्दाम द्यायला हवा होता. तो केवळ योगायोगाने मिळाला.

स्थाननिश्चितीचा भाग सुरेख शिकवला गेला. उपग्रहांचे संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर कसे निघते, घड्याळातली चूक हेही एक अज्ञात असल्याने किमान चार उपग्रह का लागतात, आणि अरुंद घळीत कड्यांवरून परावर्तित झालेले संकेत स्थान कसे बिघडवतात, हे फळ्यावर आणि मग घळीत उभे राहून समजावले. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची चूक सुमारे पाच मीटरची असते. एवढी चूक चालेल का, याचे उत्तर नकाशाच्या प्रमाणात आहे. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पाच मीटर जागा व्यापते, म्हणजे त्या प्रमाणाच्या कामाला मोबाइल पुरतो. १:१,००० प्रमाणावर खाणीचा किंवा कड्याचा नकाशा करायचा असेल, तर पुरत नाही. त्यातूनच प्रशिक्षकांनी एक नियम घालून दिला: रेषा ओढताना स्क्रीन १:५,०००पेक्षा अधिक मोठी करायची नाही. स्क्रीन हवी तेवढी मोठी करता येते आणि तितकी अचूकता आपल्याकडे आहे असा भास होतो. हा नियम तो भास रोखतो.

आता ज्या भागाबद्दल माझी सर्वाधिक तक्रार आहे, त्याकडे येते. एखाद्या सपाट थराच्या संपर्करेषेवरील तीन बिंदूंची स्थाने आणि उंची ठाऊक असतील, तर त्या थराचा स्ट्राइक आणि नती गणिताने काढता येते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा तीन बिंदूंचा प्रश्न यायलाच हवा. शिबिरात तो मोबाइलने दिलेल्या उंचीवरून करवून घेतला गेला, आणि हे चुकीचे होते. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या स्थानापेक्षा बरीच कमी भरवशाची असते. माझ्या एका विद्यार्थ्याचे तीन बिंदू परस्परांपासून जेमतेम सत्तर मीटरवर होते. त्याच्या गणिताने नती चौदा अंश आली, तर कंपासने तोच थर सहा अंशांवर होता. सत्तर मीटरच्या अंतरात उंचीची केवळ दहा मीटरची चूक एवढा फरक पाडते. तेच बिंदू एक किलोमीटर अंतरावर असते, तर त्याच चुकीने नतीत जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक पडला असता. हे प्रमाण कोणीही समजावले नाही. उलट गणिताचे उत्तर दशांश चिन्हानंतर दोन स्थानांपर्यंत लिहायला लावले.

आणखी एक गोष्ट राहून गेली. उपग्रहांवरून निघणारी मूळ उंची ही पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. स्थलनकाशावरची उंची समुद्रसपाटीपासून असते. या दोन पृष्ठांतला फरक जगभरात साधारण उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलतो. तिन्ही बिंदूंची उंची एकाच उपकरणातून, एकाच पद्धतीने घेतली असेल, तर तेवढ्या छोट्या क्षेत्रात हा फरक सर्वत्र सारखाच राहतो आणि नतीवर परिणाम होत नाही. पण एक उंची मोबाइलमधून आणि दोन उंच्या अंकीय उंची-प्रारूपातून (संगणकातील उंचीच्या तयार नकाशातून) घेतल्या, तर उत्तर सर्वस्वी निरर्थक ठरते. आमच्या दोन गटांनी नेमके हेच केले होते. प्रशिक्षकांनी त्यांचे उत्तर बरोबर ठरवले, तेव्हा मला मध्ये बोलावे लागले. त्यांनी ऐकून घेतले, हे मान्य करायला हवे. पण बाकीच्या चार गटांपर्यंत ती दुरुस्ती पोहोचली नाही.

उपग्रहचित्रांचा भाग निम्मा उत्तम आणि निम्मा घाईत उरकलेला होता. उत्तम तो छायांकित उठावाचा. २००० सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातून अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने घेतलेल्या उंचीच्या माहितीवरून भूपृष्ठाचा उठाव दाखवता येतो. सॉफ्टवेअर त्यावर वायव्येकडून, ४५ अंश उंचीवरून प्रकाश टाकते. विद्यार्थ्यांना आधी त्याच चित्रावर सर्व सरळ भूरेषा ओढायला लावल्या. मग प्रकाशाची दिशा नव्वद अंशांनी फिरवली आणि पहिल्या चित्रात अजिबात न दिसलेल्या, वायव्य-आग्नेय जाणाऱ्या भेगांची एक संपूर्ण माळ उजळून समोर आली. प्रकाशाला समांतर असलेल्या रेषांना सावली पडत नाही, म्हणून त्या लपल्या होत्या. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. आपण पाहतो ते भूपृष्ठ नसून कोणीतरी निवडलेल्या उजेडातले भूपृष्ठ आहे, हे इतक्या थेटपणे मी स्वतः वर्गात कधी दाखवू शकले नव्हते.

उरलेला विषय मात्र एका संध्याकाळी, दिवसभर उन्हात चालून आलेल्या विद्यार्थ्यांसमोर, तीन तासांत संपवला गेला. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत, सेंटिनेल-२ हा उपग्रह दहा मीटर तपशिलाची चित्रे देतो, ॲस्टर या उपग्रहावरील उपकरणाच्या लघुतरंग अवरक्त पट्ट्यांनी (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पट्ट्यांनी) चिकणमातीची खनिजे आणि कार्बोनेटे वेगळी ओळखता येत असत पण ते पट्टे २००८ साली निकामी झाल्याने फक्त जुनी चित्रे वापरावी लागतात, ही सारी माहिती खरी आणि उपयोगी होती. परंतु ती झरझर पुढे सरकली. त्यानंतर सेंटिनेलच्या ११व्या पट्ट्याला १२व्याने भागायचे आणि जिथे किंमत जास्त तिथे चिकणमातीची खनिजे समजायची, एवढी कृती करवून घेतली गेली. हिरव्या झाडोऱ्यातही हे गुणोत्तर वाढते, म्हणून वनस्पती आधी वगळाव्या लागतात, हे कोणी सांगितले नाही. एका विद्यार्थ्याने ओढ्याकाठचा दाट झाडांचा पट्टा मोठ्या आत्मविश्वासाने ‘चिकणमातीचा बदलपट्टा’ म्हणून नकाशावर घातला.

सर्वांत मोठी त्रुटी ही की चित्रावरून काढलेला कोणताही निष्कर्ष जमिनीवर जाऊन तपासायला वेळच ठेवलेला नव्हता. आठव्या दिवशीची मोकळी दुपार वापरून मी त्या विद्यार्थ्याला आणि आणखी चौघांना ओढ्यावर घेऊन गेले. झाडांखाली ताजा, जराही न बदललेला चुनखडक होता. त्याच्यापासून थोड्या अंतरावर, चित्रात नजरेत न भरलेल्या एका उघड्या उतारावर, शेल खरोखरच मऊ पांढुरक्या मातीत बदललेला होता. ती माती बोटांवर घासून पाहिल्यावर त्या पाच जणांना गुणोत्तराचा अर्थ जेवढा कळला, तेवढा आदल्या संध्याकाळी तीन तासांत कळला नव्हता.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. नकाशाचे तुकडे आधीच उपकरणात उतरवून घेतल्यामुळे मोबाइलचे नेटवर्क नसतानाही काम अडले नाही. भर उन्हात स्क्रीन वाचणे सर्वांनाच जड गेले आणि दुपारनंतर बॅटऱ्या उतरू लागल्या. प्रत्येक गटाला पॉवर बँक आणि सावलीसाठी रुंद काठाची टोपी आणायला सांगितले होते, तेवढ्यावर निभावले. सहाव्या संध्याकाळी दोन गटांच्या फाइली एकत्र करताना संस्थेच्या साहाय्यकाने एकीवर दुसरी चढवली आणि एका गटाच्या दिवसभराच्या नोंदी सामायिक प्रतीतून नाहीशा झाल्या. टॅबलेटमधली मूळ प्रत अजून पुसलेली नव्हती आणि वह्यांत कंपासची मोजमापे होती, म्हणून सर्व परत मिळाले. त्या दिवसानंतर रोज रात्री तारीख घातलेली वेगळी प्रत ठेवण्याची शिस्त लागली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

शेवटचे दोन दिवस नकाशा पूर्ण करण्याचे होते. दोन खडकांच्या क्षेत्रांमध्ये फट किंवा आच्छादन राहू नये म्हणून सीमारेषा एकदाच ओढून तिच्यावरून दोन्ही क्षेत्रे कशी बनवायची, हे शिकवले. सूची, प्रमाणपट्टी आणि उत्तरदिशा यांवर कडक नजर ठेवली. प्रत्येक विद्यार्थ्याला एक उभा छेद हाताने, कागदावर काढावा लागला. हा आग्रह मला फार आवडला, कारण छेद काढताना थर जमिनीखाली कुठे जातो याचा विचार करावाच लागतो, आणि ज्यांचा नकाशा स्क्रीनवर देखणा दिसत होता त्यांतल्या तिघांचे थर छेदात एकमेकांना छेदून गेले. तिघांनीही परत जाऊन मोजमापे घेतली.

चार महिन्यांनी पाहता, नोंदपत्रक, स्थाननिश्चिती आणि रेषेची विश्वासार्हता या तीन बाबी विद्यार्थ्यांच्या कामात घट्ट रुजल्या आहेत. उंचीचा वापर अजूनही डळमळीत आहे. तो मला विभागात नव्याने शिकवावा लागला. उपग्रहचित्रे बहुतेक प्रबंधांत पहिल्या प्रकरणातील शोभेच्या पानापुरती उरली आहेत, अपवाद फक्त त्या पाच जणांचा. ज्यांनी याआधी कंपास हातात घेतलेला नाही, अशा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे शिबिर मी सुचवणार नाही. दोन दिवसांत कागदावरचे मॅपिंग येत नाही, ते आधी यायला हवे. ज्यांचे एक तरी क्षेत्रकार्य झाले आहे, त्यांनी अवश्य जावे, आणि सोबत शिक्षकानेही जावे.

पुढच्या तुकडीसाठी मी याच संस्थेकडे नोंदणी केली आहे. सोबत तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: तीन बिंदूंच्या प्रश्नासाठी किमान काही शे मीटर अंतरावरचे बिंदू आणि उंचीचा एकच स्रोत, टिपणांत खऱ्या व चुंबकीय उत्तरेच्या सेटिंगचे एक पान, आणि उपग्रहचित्रांच्या सत्रानंतर ओढ्यावर व त्या उघड्या उतारावर घालवायला एक पूर्ण सकाळ.